ट्यून केलेले इंजिन बिघडले तर : आधी माप, मग पाना



कापडाच्या दुकानदाराने इंजिनावर का लिहावे, असे कोणी विचारेल. उत्तर सोपे आहे. चारठाण्याहून जिंतूर, सेलू, मंठा अशा गावांच्या बाजारांना माल नेणाऱ्याची गाडी हेही त्याचे भांडवलच आहे. बाजाराच्या दिवशी गाडी वाटेत थांबली की गठ्ठे तसेच परत येतात. आपल्या गावोगावच्या तरुणांपैकी अनेक जण गॅरेजचे काम शिकत आहेत. त्यांनाही या अनुभवाचा उपयोग व्हावा.

२००४ साली माझ्याकडे कार्ब्युरेटरची जुनी ओम्नी होती. (ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले.) एका गॅरेजमधून ट्यूनिंग करून आणली आणि आठ दिवसांत त्रास सुरू झाला. उभ्या गाडीचे इंजिन थरथरे, चढावर खटखट आवाज येई, पेट्रोलही जास्त लागे. मग प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्ब्युरेटरचा किट टाकला. खर्च वाढत गेला, दोष तसाच राहिला.

शेवटी एका वयस्क उस्तादांनी पाना हाती घेण्याआधी इंजिन चालू ठेवून रबरी नळ्या एकेक करून पकडीने हलके दाबल्या. डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी व्हॅक्युमची नळी दाबताच इंजिन शांत झाले. नळी चिरली होती. तिच्यातून फुकटची हवा इंजिनात शिरत होती. ती गळती झाकण्यासाठी आधीच्या कारागिराने पेट्रोलचे प्रमाण वाढवले होते आणि टायमिंगही पुढे सरकवले होते. म्हणजे दोष एक होता, ट्यूनिंगने तीन केले. काही रुपयांची नळी बदलली, टायमिंग व मिक्श्चर पुस्तकाप्रमाणे लावले आणि गाडी सुधारली.

यातून घेण्याचा धडा असा : ट्यूनिंग हा दुरुस्तीचा पर्याय नाही. आधी दोष काढावा, मग ट्यून करावे. कापडाला कात्री लावण्याआधी आपण माप घेतो, तीच शिस्त येथे पाहिजे.

तपासणीचा क्रम

१. ट्यूनिंगमध्ये काय काय हलवले, हे कारागिराला विचारून लिहून घ्यावे. बिघाड बहुधा हात लागलेल्या जागीच असतो. सैल वायर, निघालेली नळी, अदलाबदल झालेल्या प्लगच्या वायरी प्रथम पाहाव्यात.

२. बॅटरी मोजावी. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. जुन्या गाड्यांत इंजिन चालू असताना सुमारे १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत.

३. प्लग काढून रंग पाहावा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. तेलकट ओला म्हणजे तेल वर येत आहे. पांढराफटक म्हणजे हवा जास्त किंवा इंजिन तापते. प्लगचा गॅप फीलर गेजने मोजावा, डोळ्याच्या अंदाजाने नव्हे.

४. तरीही दोष सापडला नाही तर कॉम्प्रेशन मोजावे. एका सिलिंडरचा आकडा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंग झिजल्या आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे पाहावे.

५. एका वेळी एकच बदल करावा आणि गाडी चालवून पाहावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला हे कळत नाही.

नव्या गाड्यांत स्कॅनर लावून कोड वाचता येतो. पण कोड म्हणजे निकाल नव्हे. ‘पी ०१७१’ हा कोड मिश्रणात पेट्रोल कमी पडते एवढेच सांगतो. तो पाहून महागडा ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो आणि दोष मात्र माझ्या ओम्नीसारखा चिरलेल्या नळीत निघू शकतो.

थोड्या पैशात हत्यारे

दीडशे नगांची चमकदार पेटी पाहून भुलू नये. त्यातील निम्मे नग कधी वापरले जात नाहीत. खरेदी टप्प्याने करावी.

पहिल्या टप्प्यात मोजण्याची हत्यारे : फीलर गेज, साधा मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प. सोबत प्लग पाना घ्यावा. जुन्या गाड्यांना बहुधा २१ मिलिमीटरचा, नव्या अनेक गाड्यांना १६ चा लागतो. दुसऱ्या टप्प्यात रिंग व फिक्स पाने, विशेषतः १०, १२, १४ आणि १७ चे, तसेच सॉकेट, पक्कड व पेचकस. तिसऱ्या टप्प्यात कॉम्प्रेशन गेज आणि टॉर्क पाना.

हातोडी, नरसाळे, ब्रश स्वस्तातले चालतील. सॉकेट चालणार नाहीत. मऊ लोखंडाचा सॉकेट नटाचे कोपरे खातो आणि दहा मिनिटांचे काम दिवसभराचे होते. क्रोम व्हॅनेडियमची खूण पाहावी, सॉकेट सहा कोनी घ्यावा आणि दुकानातच नटावर बसवून पाहावा. हत्यारांच्या उद्योगासाठी जालंधर आणि लुधियाना प्रसिद्ध आहेत. आपल्या राज्यात नाशिकला तापरियाचा कारखाना आहे. मुंबईला माल भरायला जाणाऱ्यांनी नागदेवी स्ट्रीटवर भाव विचारावेत. बिल पक्के घ्यावे. जुना चांगला पाना हा नव्या हलक्या पान्यापेक्षा बरा. मात्र जॅक जुना घेऊ नये. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये, खाली घोडी लावावीच. या एका वस्तूत काटकसर केली तर किंमत जिवाने मोजावी लागते.

टॉर्क पान्याने नट सोडवू नये आणि काम झाल्यावर तो सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवावा. नवा वायसरचा प्लग आधी हाताने पूर्ण बसवावा, मग पान्याने सुमारे अर्धा फेरा द्यावा. जास्त जोर लावल्यास हेडचे आटे जातात.

शेवटी एक सूचना. ताकद वाढवण्यासाठी गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करू नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ त्याला आडवे येते आणि अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडू शकतो.

गाडीत एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, काय बदलले आणि किती खर्च झाला हे लिहावे. दुकानाची खातेवही आपण रोज लिहितो. गाडीची लिहिली असती तर माझी ती कॉइल आणि तो किट दोन्ही वाचले असते.