पाठ १४ : सुरीचं पाणी

वाचण्यापूर्वी
तुमच्या घरी भाजी कशाने चिरतात, सुरीने की विळीने? सुरी बोथट झाली की घरातले काय करतात? वर्गात सांगा.

वाचा

हाताने काहीतरी बनवायला तुम्हाला आवडतं का? मग स्वतःची सुरी बनवायचा विचार कधीतरी मनात येईलच. त्यासाठी लोहाराची ऐरण आणि भाता लागतोच असं नाही. पोलादाची पट्टी, लोखंड कापायची करवत, कानस आणि भरपूर धीर असला की पहिली सुरी होते.

आधी पोलाद नीट निवडा. दुकानात मिळणारी साधी लोखंडी पट्टी चालत नाही. तिच्यात कार्बन फार कमी असतो, त्यामुळे कितीही तापवली तरी ती कडक होत नाही. नवशिके बहुतेक वेळा '१०८४' नावाचं पोलाद घेतात. त्यात सुमारे ०.८४ टक्के कार्बन असतो. पट्टी ३ मिलिमीटर जाड असली की पुरे.

आता कागदावर सुरी काढा. कागद कापून पट्टीवर चिकटवा आणि त्या आकारात पट्टी कापा. मग कानशीने दोन्ही बाजूंना उतार द्या. यात काही तास जातात, हात दुखतात. पण धार आत्ताच काढायची नाही! कड जवळजवळ १ मिलिमीटर जाड ठेवा. फार पातळ कड पुढच्या पायरीत वाकते किंवा तडकते. मुठीसाठी भोकंही आत्ताच पाडा, कारण नंतर पोलाद इतकं कडक होतं की ड्रिल चालत नाही.

आता तुमच्या हातात हुबेहूब सुरी दिसते. मित्रांना फोटो पाठवावासा वाटतो. पण थांबा. ही अजून सुरी नाही, सुरीच्या आकाराची पट्टी आहे. चार टोमॅटो चिरले की बोथट होईल. तिला अजून 'पाणी' दिलेलं नाही.

लोहार म्हणतात, 'हत्याराला पाणी द्यायचं.' म्हणजे ते तापवून झटकन थंड करायचं. विटांच्या छोट्या भट्टीत गॅसच्या ज्योतीवर पातं लाल होऊ द्या. मधूनमधून चुंबक लावून बघा. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याहून थोडं जास्त, म्हणजे ८१५ अंशांच्या आसपास तापलं की सांडशीने उचला आणि टोक खाली धरून सरळ बुडवा. कशात? नाव 'पाणी' असलं, तरी हे पातं बुडवायचं तेलात! साधं कॅनोला तेल ५० अंशांपर्यंत कोमट केलेलं असावं. पाण्यात पातं फारच झटकन थंड होतं आणि तडकू शकतं. 'टिंग' असा आवाज आला, तर समजा, इतक्या तासांची मेहनत गेली.

आवाज आला नाही ना? मग पातं थंड झाल्यावर धारेच्या बाजूला कानस घासून बघा. मघाशी हीच कानस पोलाद खात होती. आता ती काचेवरून घसरावी तशी घसरते. तापलेल्या पोलादात विरघळलेला कार्बन झटकन थंड होताना आत अडकून बसतो, म्हणून पातं इतकं कडक होतं.

पण कडक म्हणजे मजबूत नव्हे. हे पातं आत्ता फरशीवर पडलं, तर काचेसारखं फुटेल. म्हणून ते लगेच ओव्हनमध्ये ठेवायचं : २०० अंश, दोन तास. थंड होऊ द्यायचं आणि पुन्हा दोन तास. कडकपणा थोडा कमी होतो, पण ठिसूळपणा जातो. स्वच्छ घासलेल्या पात्यावर गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा रंग आला, की काम झालं.

मग लाकडाची मूठ बसवा आणि सगळ्यात शेवटी धार काढा. मशीनवर घासत असाल, तर पातं सारखं पाण्यात बुडवून गार करा. ते तापून निळं पडलं, तर तिथलं पाणी उतरलं!

अमेरिकेत १९७६ साली 'अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी' स्थापन झाली. तिच्या परीक्षेत सुरीने आधी लोंबता दोर एका घावात तोडायचा, मग लाकूड तोडायचं. त्यानंतरही तिने हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी तीच सुरी ९० अंशांत वाकवतात, आणि ती मोडता कामा नये. चकाकी कितीही असो, इथे सुरीचं पाणी जोखलं जातं.

तुमची पहिली सुरी थोडी वाकडी होईल. मुठीत फट राहील. चालेल. पाणी नीट दिलेलं असलं, तर ती अनेक वर्षं कांदे चिरेल.

सांभाळा!
मोठ्या, जाणत्या माणसाशिवाय हे काम करू नका. चष्मा आणि मास्क लावा. पातं घराबाहेर तापवा. तेलाचं भांडं धातूचं हवं आणि झाकण हाताशी हवं. तेल पेटलं तर झाकण घाला, पाणी कधीच ओतू नका. तुमच्या देशाचा कायदाही विचारून घ्या. ब्रिटनमध्ये अशी सुरी योग्य कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगणं गुन्हा आहे.

शब्द शिका
पातं – सुरीचा कापणारा भाग
कानस – धातू घासायचं खरखरीत हत्यार
सांडशी – गरम वस्तू धरायचा चिमटा
बोथट – धार नसलेलं
ठिसूळ – पटकन मोडणारं

'पाणी' असंही!
पाणीदार – तेजस्वी : पाणीदार डोळे, पाणीदार घोडा
पाणी जोखणे – एखाद्याची खरी ताकद ओळखणे
पाणी पाजणे – हरवणे : 'आमच्या टीमने त्यांना पाणी पाजलं!'

सरावासाठी
१. साधी लोखंडी पट्टी का चालत नाही?
२. पातं तेलातून काढल्यावर लगेच ओव्हनमध्ये का ठेवायचं?
३. क्रम लावा : धार काढणे, भोकं पाडणे, तेलात बुडवणे, मूठ बसवणे, ओव्हनमध्ये ठेवणे.
४. 'पाणी जोखणे' वापरून तुमच्या शाळेतल्या किंवा खेळातल्या प्रसंगावर दोन वाक्यं लिहा.
५. आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या लहानपणी विळीला, कोयत्याला धार कोण लावून द्यायचं? ऐकलेलं पुढच्या तासाला सांगा.