पहिले बिऱ्हाड

घरात राहणे निराळे आणि घर चालवणे निराळे. आईवडिलांच्या छायेत असताना पाणी भरलेले असते, दिवा लागलेला असतो, ताट वाढलेले असते. हे सारे कोणीतरी करीत असते, याची जाणीव पहिले बिऱ्हाड थाटताना होते.

एके काळी कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या तरुणांना स्वतंत्र बिऱ्हाड दुर्लभच होते. एकेका खोलीत अनेक गाववाले मिळून राहत. दिवसपाळीचा मनुष्य कामावर गेला, की त्याच्या जागी रात्रपाळीचा मनुष्य पाठ टेकी. जेवण खानावळीत होई. जागा अपुरी होती. परंतु सोबत होती. आजच्या तरुणाला खोली मिळते, पण सोबत मिळतेच असे नाही.

रत्नागिरीकडील एका खेड्यातून असाच एक तरुण नोकरीसाठी पुण्यास आला. वर्षभर तो मामांकडे राहिला. तेथे जागा अपुरी पडत होती. कोणी तसे बोलून दाखवले नाही. त्यानेच ते ओळखले आणि एक खोली पाहिली. भाडे ठरले, अनामत रक्कम ठरली. वयोवृद्ध घरमालक म्हणाले, "करार अकरा महिन्यांचाच आहे. नोंदणीची यातायात कशाला?"

खोली हातची जाते की काय, या भीतीने तरुणाचा स्वर कापला. तरीही तो नम्रपणे म्हणाला, "काका, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला असावा लागतो. मुदत अकरा महिन्यांची असली तरी. नोंदणीची जबाबदारीही मालकांवर असते. उद्या आपल्यापैकी कोणाला विसर पडला, तर कागद आठवण देईल."

घरमालक क्षणभर स्तब्ध राहिले. मग म्हणाले, "माझा मुलगाही परगावी खोली शोधतो आहे. त्यानेही असेच विचारावे." कराराची रीतसर नोंदणी झाली.

पहिल्या संध्याकाळी, मामींनी सांगितल्याप्रमाणे, त्याने नव्या घरात दूध उतू जाऊ दिले. नंतर आईने दिलेल्या कुळथाच्या पिठाची पिठी केली. तिच्यात गुठळ्या झाल्या. जेवण आटोपले, भांडी घासली, आणि आता निजावे तोच ओट्यावर सांडलेले दूध दिसले. ते पुसणारे दुसरे कोणी नव्हते. त्याने ओटा स्वच्छ केला आणि आईला दूरध्वनी केला.

"आई, सर्वांच्या मागून तू का निजतेस, ते आज कळले."

पलीकडून काही वेळ शब्द आला नाही. मग आईने विचारले, "पिठी जमली का रे?"

स्वातंत्र्य म्हणजे केवळ स्वतःच्या दाराची किल्ली नव्हे. आपला हक्क नम्रतेने मागणे आणि आपला ओटा आपण पुसणे, या दोहोंच्या आधारावर ते उभे असते.

शब्दार्थ : बिऱ्हाड – राहण्याचे ठिकाण, संसार. अनामत – ठेव म्हणून दिलेली रक्कम. यातायात – खटपट.

स्वाध्याय
१. तरुणाने मामांचे घर का सोडले?
२. घरमालकांचे मन कशामुळे पालटले?
३. 'आपला ओटा आपण पुसणे' या शब्दांतून लेखकाला काय सुचवावयाचे आहे?
४. तुमच्या घरी सर्वांच्या शेवटी कोण निजते? तत्पूर्वी ती व्यक्ती कोणती कामे करते, ते पाहून लिहा.