श्वासावरून मधुमेह कळतो का?

प्रश्न : माझ्या आईला मधुमेह आहे. रोज बोटाला सुई टोचून घ्यायचा तिला कंटाळा आला आहे. नुसती फुंकर मारून साखर सांगणारे सेन्सर आले आहेत, असे ऐकले. ते घ्यावे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आईंचा त्रास समजू शकतो, पण ग्लुकोमीटर बंद करू नका. हे सेन्सर रक्तातली साखर नव्हे, तर श्वासातला ॲसिटोन मोजतात. इन्सुलिन कमी पडले की शरीर चरबी जाळते, त्यातून ॲसिटोन तयार होतो आणि फुप्फुसांवाटे बाहेर पडतो.

या सेन्सरमध्ये टंगस्टन ऑक्साइडसारख्या पदार्थाच्या नॅनोकणांचा पातळ थर असतो. तो तापवला की हवेतला ऑक्सिजन त्यावर चिकटून इलेक्ट्रॉन अडकवतो. ॲसिटोनची त्या ऑक्सिजनशी अभिक्रिया झाली की इलेक्ट्रॉन सुटतात आणि थराचा विद्युतरोध घटतो. कण जितके बारीक, तितका वायूला मिळणारा पृष्ठभाग जास्त. म्हणूनच दहा लाख भागांत एखादा भाग इतका अल्प ॲसिटोनही ओळखता येतो. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठात सिलिकॉन मिसळलेल्या टंगस्टन ऑक्साइडवर असे महत्त्वाचे काम झाले आहे.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. श्वासातला दमटपणा मापन बिघडवतो. उपवास, कमी कर्बोदकांचा आहार किंवा जास्त व्यायाम यांनीही ॲसिटोन वाढतो. त्यामुळे त्यावरून इन्सुलिनचा डोस ठरवणे धोक्याचे आहे.

श्वासाला गोडसर, फळासारखा वास, उलट्या आणि जोरजोरात श्वास अशी लक्षणे एकत्र दिसली, तर आईंना ताबडतोब रुग्णालयात न्या. टोचणे कमी करायचे असेल, तर दंडावर लावायच्या ग्लुकोज सेन्सरबद्दल डॉक्टरांना विचारा.