जलपर्णी, मीठ आणि एक बंधारा

मेसमधली काकडीची कोशिंबीर उशिरा जेवायला येणाऱ्यांनी नीट पाहिली असेल. मीठ घालून तासभर झाला की भांड्यात पाणीच पाणी आणि काकडी लिबलिबीत! हे पाणी येतं काकडीच्या पेशींमधून. बाहेर क्षार जास्त झाले की पेशीतलं पाणी पातळ पडदा ओलांडून बाहेर पडतं. यालाच परासरण म्हणतात. बारावीला आपण सगळ्यांनी ते पाठ केलं आणि परीक्षा संपल्यावर विसरलो.

गोड्या पाण्यातल्या वनस्पतींचंही तेच होतं. एरवी पेशीच्या आत क्षार जास्त आणि बाहेर कमी असतात, म्हणून पाणी आत शिरतं आणि पान ताठ राहतं. पाणी खारट झालं की गणित उलटतं. शिवाय सोडियम आत घुसून पोटॅशियमची जागा घेतं आणि पेशीतल्या रासायनिक क्रिया बिघडतात. खारटपणा हळूहळू वाढला तर काही वनस्पती प्रोलिनसारखी द्रव्यं पेशीत साठवून तोल सांभाळतात. एकदम वाढला तर तेवढी सवड मिळत नाही. म्हणजे किती मीठ, याइतकंच ते किती वेगाने आलं हेही महत्त्वाचं.

याचं मोठं प्रात्यक्षिक केरळात दरवर्षी होतं. वेंबनाड सरोवराच्या दक्षिणेला कुट्टनाडची भातशेती समुद्रसपाटीपेक्षाही खाली आहे. उन्हाळ्यात भरतीचं खारं पाणी तिथे शिरू नये म्हणून थण्णीरमुक्कमचा बंधारा बांधला. 1976 पासून तो वापरात आहे. साधारणपणे डिसेंबरमध्ये दरवाजे बंद होतात आणि भाताच्या कापणीच्या सुमारास उघडतात.

भात वाचलं, पण आतलं पाणी साचून राहू लागलं. खतं आणि सांडपाणी तिथेच अडकलं. ॲमेझॉन खोऱ्यातून आलेल्या जलपर्णीला आणखी काय हवं? समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. जलपर्णी साधारण 6 ते 8 ग्रॅमलाच मरते. पूर्वी उन्हाळ्यातलं खारं पाणी हे काम फुकटात करायचं. बंधाऱ्याने नेमकं तेच अडवलं. कोळंबी आणि माशांची ये-जाही अडली. त्यामुळे दरवाजे कधी उघडायचे यावरून शेतकरी आणि मच्छीमार यांच्यात वाद होत आले आहेत.

मग आपल्याकडच्या तळ्यांतल्या जलपर्णीवर मीठ टाकलं तर? हिशोब करून बघा. एक हेक्टर तळं, दोन मीटर खोल, म्हणजे दोन कोटी लिटर पाणी. लिटरला 6 ग्रॅम धरलं तर 120 टन मीठ! दहा टनी ट्रकच्या बारा खेपा. त्यात गोड्या पाण्यातले मासे आणि इतर वनस्पती मरतील. मेलेली जलपर्णी तळाशी कुजून पाण्यातला ऑक्सिजन खाईल. आणि मीठ मात्र कुजत नाही, उडूनही जात नाही. वेंबनाडात ते भरतीबरोबर येतं आणि पावसाळ्यात नद्यांच्या पुराने धुऊन निघतं. आपल्या तळ्यात ते मुक्कामालाच राहील. त्यापेक्षा जलपर्णी काढणं आणि सांडपाणी रोखणं हेच खरं काम.

हायड्रिला मिळाली तर तीन ग्लासांत एकेक फांदी ठेवा. एकात साधं पाणी, बाकीच्यांत लिटरला 5 आणि 20 ग्रॅम मीठ. आठवडाभर रोज नोंद करा.

सिव्हिलवाल्यांनो, दरवाज्यावर किती दाब येईल हे आपण काढतोच. तो दरवाजा बंद केल्यावर पाण्यात काय वाढेल आणि काय मरेल, हेही त्याच डिझाइनमध्ये यायला हवं.