पदभार घेतलास, आता एकच गोष्ट धर

अगं, मुख्याध्यापिकेचा पदभार घेतल्यापासून तुझा आवाज दमलेलाच येतोय. पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची माहिती, केंद्रप्रमुखांचे ‘आजच पाठवा’ असे मेसेज, आणि वर चौथीचा वर्गही तुझ्याकडेच. यात शाळा बदलायची कधी, असं विचारतेस ना? खरं सांगू का, सगळी शाळा बदलायला निघूच नकोस. तिसरी-चौथीतली काही मुलं जोडाक्षराशी अडतात म्हणालीस, तर या सत्रात तेवढंच धर. 2021 मध्ये केंद्राचं निपुण भारत अभियान आलं, त्यातही तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं, साधी गणितं यावीत, हाच तर आग्रह आहे.

आता तुझे ते ज्येष्ठ गुरुजी. काहीही नवं काढलं की ‘हे आम्ही करून बसलोय’ म्हणतात. बघ, ते खरंच करून बसलेत! साहेब आले की उपक्रम आला, फोटो निघाले. साहेबांची बदली झाली की उपक्रमही गेला. हा आळस नाही गं, हा अनुभव आहे. त्यांना लेखी सूचना काढू नकोस. त्यांच्या वर्गात मागे जाऊन बस, पण लॉगबुक न घेता. ‘माझ्या वर्गातली मुलं अडलीत, तुम्ही कसं शिकवता ते बघायचंय,’ म्हण. आणि खरोखर बघायलाच जा. नुसती मर्जी राखायला गेलीस, तर त्यांना पाच मिनिटांत कळेल. मग त्यांना तुझ्या वर्गात बोलव. एकमेकांचा वर्ग बघायला माणसं बिचकेनाशी झाली, की निम्मं काम झालं असं मी तरी मानते.

पण बघणं म्हणजे वरवरची नक्कल नव्हे गं. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे विस्तार अधिकारी असताना ज्ञानरचनावादी शिक्षणाचं काम उभं राहिलं. ते बघायला राज्यभरातून शिक्षक गेले आणि परत येऊन कितीतरी शाळांनी तिथल्यासारख्या वर्गातल्या फरश्या रंगवल्या. फरशी रंगवणं सोपं असतं. तिच्यावर बसलेलं मूल काय करतंय, हे रोज बघणं अवघड, आणि ते तुला जमेल.

शाळा व्यवस्थापन समितीला मात्र कागदावर ठेवू नकोस हं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवल्यात, शाळा विकास आराखडाही तिलाच करायला सांगितलाय. पण कित्येक गावांत ठरावाचं रजिस्टर घरोघरी फिरतं, सह्या होतात आणि सभा झाली! तुझ्या गावच्या बाया दुपारी खुरपणीला असतात, मग सभा दुपारी कशाला? संध्याकाळी घे. कुणाचं मूल मागे आहे हे चारचौघांत काढू नकोस, ते त्या आईशी एकटीशी बोल. सभेत विचार, ‘रोज दहा मिनिटं लेकराला मोठ्याने वाचायला बसवाल का? तुम्हाला वाचता येत नसलं तरी चालेल, नुसतं ऐका.’

राहिले कागद. परिपाठानंतरचा पहिला तास वर्गाचा, तेव्हा मोबाईल कपाटात. माहिती मधल्या सुट्टीनंतर भर. कुणी रागावलंच, तर ‘वर्गावर होते’ असं स्वच्छ सांग. शनिवारी सकाळची शाळा सुटली की फोन कर मला. आधी जेव मात्र.