रहस्यकथाकाराला काय विचारावे?

रहस्यकथाकाराच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो : ‘ही पात्रे तुम्हांला सुचली कशी?’ शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉईल यांनी चित्रित झालेल्या मुलाखतीत याचे सरळ उत्तर दिले आहे. जुन्या कथांतील गुप्तहेराला यश बहुधा योगायोगाने मिळे. ते कसे मिळाले, हे वाचकाला कळत नसे. डॉईल मूळचे वैद्यकीचे विद्यार्थी. त्यांचे गुरू डॉ. जोसेफ बेल रोग्याकडे नुसते पाहून त्याचा व्यवसाय ओळखीत. निरीक्षणाची ही शिस्त डॉईल यांनी आपल्या गुप्तहेराला दिली.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे धनंजय-छोटू होम्स-वॉटसनच्या वळणाचे. झुंजार आणि काळा पहाड मात्र कायद्याबाहेर राहून न्याय करणारे. वाचकाला अधिक जवळचा कोण, आणि का? माझे आजोबा चौथी शिकलेले. ते झुंजारचे नाव घेतात. म्हणतात, “पैसेवाल्याला जाब इचारणारा कुणीतरी व्हता.”

अर्नाळकर १९९६ साली गेले, सुहास शिरवळकर २००३ साली, गुरुनाथ नाईक २०२१ साली. त्यांना विचारणे आता शक्य नाही. पण त्यांचे वाचक वाशीत अजून आहेत. ‘हलके साहित्य’ असा शिक्का मारण्यापूर्वी निदान त्यांना तरी विचारावे. ज्या पुस्तकांनी चौथी शिकलेल्या माणसाला अक्षरे विसरू दिली नाहीत, त्यांचाही अभ्यास व्हावयास हवा, असे मला वाटते.