गोट्याला नदीवर नेण्याआधी

चि. ओंकार,


काल वहिनींचा फोन आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. तुझं कासव, आपला गोट्या, गुरुवारपासून हललेला नाही, तू त्याला टॉवेलात गुंडाळून गॅलरीत ठेवलंयस आणि रविवारी नदीवर नेऊन विसर्जन करणार आहेस, एवढं त्यांनी सांगितलं. तुझा कुणी मित्र कवच वेगळं काढून देतो म्हणाला, हेही मागाहून कानावर आलं. नऊ वर्षं ज्याचं पाणी बदललंस, त्याच्यासाठी काहीतरी नीट करावंसं तुला वाटणारच. पण ओंकार, विसर्जन की पुरणं की कवच, हे सगळे पुढचे प्रश्न. तो खरंच गेलाय का, हे कोणी तपासलं? पशुवैद्याला दाखवलंस का? वहिनींना विचारलं, तर त्यांना सांगता येईना.

कुत्र्यामांजराचं गेलेलं घरच्यांना कळतं, मग कासवाचं का कळू नये, असं तू म्हणशील. कारण कासवाचं शरीर बाहेरच्या उबेवर चालतं. जानेवारीत पुण्याचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि तेवढ्या थंडीत गोट्यासारखं लाल कानाचं कासव खाणं-हिंडणं थांबवून निपचित पडतं. त्याचे ठोके इतके मंदावतात की हाताला लागतच नाहीत, आणि दोन श्वासांत खूप अंतर पडतं. त्याच्याच कुळातलं उत्तर अमेरिकेतलं रंगीत कासव तीन अंशांच्या पाण्यात प्राणवायूशिवाय तीन महिन्यांहून अधिक काळ तगतं, हे प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. अशा वेळी रक्तात साचणारं आम्ल त्याचं कवचच शोषून घेतं आणि क्षार सोडून त्याची धार कमी करतं. गोट्याची जात तितकी चिवट नाही, हे मान्य. तरी ‘दोन दिवस हलला नाही’ हा काही मृत्यूचा पुरावा नव्हे. उलटही खरं आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांचं हृदय मेंदू थांबल्यावरही काही तास धडधडत राहू शकतं. म्हणून नुसत्या हातानं चाचपून कुठलाच निर्णय होत नाही. डोळे आत गेलेत, अंग पिलपिलीत झालंय, कुजका वास येतोय, असं असेल तर संशय उरत नाही. यातलं काहीच नसेल तर त्याला गॅलरीतून घरात आण, पंचवीस-अठ्ठावीस अंशांच्या खोलीत कोरड्या खोक्यात ठेव आणि हळूहळू ऊब मिळू दे. गरम पाणी ओतू नकोस, टाकीतही सोडू नकोस. निपचित कासव बुडून मरू शकतं. मग सरपटणाऱ्या प्राण्यांचं ज्याला कळतं अशा पशुवैद्याकडे ने. डॉपलर यंत्रावर हृदयातला प्रवाह ऐकता येतो. आणि बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच ठेवायचं नाही. तो जिवंत असेल तर यासारखी क्रूर गोष्ट दुसरी नाही. हे मी रागावून लिहितेय, कारण मला तिथे येऊन तुझा हात धरता येत नाही.

समजा, पशुवैद्यानं सांगितलं की तो गेलाय. तरीही लगेच पुरू नकोस, कारण टाकीत तुझं दुसरं कासव, छकुली, आहे. त्याला नेणारं कारण पाण्यात असेल, बंद पडलेल्या हीटरमध्ये असेल किंवा खाण्यात असेल, तर ते तिच्याही वाट्याला येणार. ‘मेल्यावर तरी चिरफाड नको’ हे तुझं म्हणणं मला समजतं; आपल्या घरात सगळेच तसं म्हणतील. पण शवविच्छेदनानं त्याला इजा होणार नाही आणि छकुली कदाचित वाचेल. त्यासाठी शव फ्रीजच्या साध्या कप्प्यात, घट्ट बंद डब्यात, खाण्याच्या जिनसांपासून वेगळं ठेवावं लागतं, तेही एखादाच दिवस. गोठवलं की पेशींत बर्फाचे कण होऊन त्या फाटतात आणि तपासणाऱ्याला काही नीट दिसत नाही. तुझ्या डॉक्टरांना विचार, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासणीची सोय होईल का. पुण्याहून ते काही लांब नाही. अर्थात शव कुजायला लागलं असेल तर हा आग्रह सोडून दे.

आता नदी. कासव म्हणजे कूर्मावतार, देवळात गाभाऱ्यासमोर त्याला जागा असते, तेव्हा त्याला पाण्यातच सोडावं, असं आजी म्हणत असतील. त्यांची भावना मी मोडत नाही. पण निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. एवढ्याच कारणासाठी अमेरिकेनं १९७५ साली चार इंचांहून लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी घातली. ते जंतू नदीच्या पाण्यात सोडून त्या पाण्याला हात लावणाऱ्यांना आपण काय देतो? आजींना आणि धाकट्या चिऊलाही त्या टॉवेलाला हात लावू देऊ नकोस. तू हातमोजे घाल, नंतर साबणानं हात धू. आणि या दुःखाच्या भरात छकुलीलाही नदीत मोकळं करावं, असं मनात आलं असेल तर ते आत्ताच काढून टाक. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत तिची जात आहे. आपल्या नद्यांतल्या कासवांची जागा आणि अन्न ती हिरावून घेईल.

कवचाचं म्हणशील तर ते अंगावरचं चिलखत नव्हे की उतरवून ठेवलं. पाठीचा कणा आणि बरगड्याच रुंद होऊन त्याचं कवच होतं. ते काढणं म्हणजे गोट्याला सोलणं. पिंटा बेटावरचा एकांडा जॉर्ज नावाचा कासव २०१२ साली गेला, तेव्हा त्याला गोठवून न्यूयॉर्कच्या संग्रहालयात पाठवलं आणि भरून जतन केलं, हे खरं. पण तो त्याच्या जातीतला शेवटचा ज्ञात जीव होता, आणि ते काम कसबी माणसांनी कित्येक महिने खपून केलं. तुझा मित्र ते स्वयंपाकघरात करणार. कायद्याचीही बाजू आहे. आपल्याकडचं तारांकित कासव असतं, तर मेलेलं सापडलं तरी १९७२च्या वन्यजीव कायद्यानं ते सरकारची मालमत्ता ठरलं असतं आणि अठ्ठेचाळीस तासांत कळवावं लागलं असतं. गोट्या परदेशी जातीचा, त्याला ते कलम लागू नाही. पण शोकेसमधलं कवच कुठल्या जातीचं हे पाहणाऱ्याला कसं कळणार? आणि ते पाहून आणखी कुणाला कासवाचं कवच घरात हवंसं वाटलं, तर त्याची झळ रानातल्या कासवांना लागते.

तेव्हा मातीच बरी. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून, बोअरवेलपासून आणि भाजीच्या वाफ्यापासून दूर, दोन-तीन फुटांचा खड्डा कर. उथळ केलास तर कुत्री आणि घुशी उकरतील. प्लॅस्टिक नको, जुनं सुती कापड पुरे. वर एक फरशी ठेव. सोसायटी नाही म्हणाली तर डॉक्टरांना प्राण्यांच्या दाहिनीचं विचार. मुंबईत मालाडला महापालिकेनं २०२३मध्ये तशी सुरू केलीय. कुंडीत मात्र नको, एवढ्या मोठ्या जिवाला ती पुरत नाही.

फार बोलले का रे? तुझ्या वयात मीही दुःख लवकर उरकावं म्हणून घाईनं वागलेय आणि त्याची टोचणी अजून गेलेली नाही. म्हणून हा सगळा जीव तोडणं. गुरुवारच्या थंडीत हीटर बंद राहिला असेल तर त्यासाठी स्वतःला दोष देत बसू नकोस. नऊ वर्षांतल्या बाकीच्या सगळ्या रात्री तो चालू होता, आणि चालू ठेवणारा तूच होतास.

हे पत्र सकाळी शिवनेरीनं निघणाऱ्या बापूंच्या हाती देतेय. ते दारात आले की आधी गोट्याला उबेत घे आणि मला फोन कर. शनिवारी रात्री मी पोचते. तो हलला तर आपण दोघं त्याच्याजवळ जागू. नाही हलला तर रविवारी खड्डा मीही तुझ्याबरोबर खणेन. तोवर जेवून घे.

तुझी,
आत्या